स्कॅन रिपोर्टची यादी पुरते का? हल्ल्याच्या वाटांचा नकाशा कुणी काढलाय का?

माणगंगा
नमस्कार मंडळी. मी एका नागरी सहकारी बँकेत आयटी बघतो. आमचं खातं म्हणजे तिघं जण, शाखा चौदा. बँकेचं नाव-गाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया विचारू नका.

गेल्या वर्षी बाहेरच्या संस्थेकडून संगणकांतल्या कमकुवत जागांची तपासणी करून घेतली. स्कॅन रिपोर्टात २१४ नोंदी निघाल्या. पैकी ११ ‘क्रिटिकल’, ३८ ‘हाय’. आम्ही तिघांनी सलग चार रविवार घालवून त्या ४९ बंद केल्या. ‘मिडियम’ आणि ‘लो’ला पुढच्या तिमाहीची तारीख टाकली. अहवाल संचालक मंडळापुढे गेला, अभिनंदनाचा ठराव झाला.

तीन आठवड्यांनी त्याच संस्थेची दोन मुलं प्रत्यक्ष आत शिरून बघायच्या चाचणीसाठी आली. दुपारच्या जेवणानंतर सुरुवात केली आणि दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला ती एटीएम स्विचच्या (एटीएमचे व्यवहार पुढे नेणाऱ्या यंत्रणेच्या) सर्व्हरवर ॲडमिन म्हणून बसली होती. वापरलेल्या तिन्ही गोष्टी ‘मिडियम’. क्लार्कच्या पीसीवर मेलमधली फाइल उघडली गेली, तिथून जुन्या फाइल सर्व्हरवर उडी, आणि त्या सर्व्हरवरच्या एका बॅच फाइलमध्ये (आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये) स्विचच्या सर्व्हरचा पासवर्ड साध्या अक्षरांत लिहिलेला.

त्यातल्या एका मुलानं भिंतीवरचं मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान काढलं, उलटं केलं, त्यावर चार गोल काढले आणि मध्ये बाण. म्हणाला, “सर, हे तिन्ही तुमच्या रिपोर्टात आहेत. एक पान ९ वर, एक ३१ वर, एक ४० वर. मी फक्त मध्ये बाण काढले.”

ते पान अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तेव्हापासून अटॅक ट्री, अटॅक ग्राफ (हल्ल्याच्या वाटा झाडासारख्या किंवा गोल-बाणांनी काढलेल्या), बेझियन नेटवर्क (त्या बाणांवर शक्यता मांडायचं गणित) असं मिळेल ते वाचतोय. प्रश्न दोन. आमच्यासारख्या छोट्या संस्थेत हे कुणी खरंच वापरलंय का? आणि बाणांवर आकडे टाकायचे ते कुठून आणायचे?

घाटवाट
वापरलंय, आणि आता त्याशिवाय काम करवत नाही.

मायक्रोसॉफ्टमधल्या जॉन लँबर्ट यांनी २०१५ मध्ये हेच मांडलं होतं: बचाव करणारे याद्यांत विचार करतात, हल्ला करणारे आलेखांत, आणि हे असंच चालू राहील तोवर हल्ला करणारे जिंकणार. तुमच्या कॅलेंडरवाल्या मुलानं नेमकं तेच दाखवलं.

तुमच्याकडे विंडोजचं डोमेन (सगळी खाती आणि मशीन एका जागून सांभाळणारी व्यवस्था) असेल तर ब्लडहाउंड हे साधन बघा. २०१६ मध्ये आलं, मूळ आवृत्ती फुकट आहे. कोणता युजर कोणत्या ग्रुपात, कोण कोणत्या मशीनवर ॲडमिन, कोण आत्ता कुठे लॉगिन आहे, हे सगळं गोळा करून त्याचा आलेख करतं. मग विचारायचं, या शिपायाच्या खात्यापासून डोमेन ॲडमिनपर्यंत सगळ्यात जवळची वाट कोणती? आमच्याकडे पहिल्यांदा चालवलं तेव्हा उत्तर आलं चार उड्या. मधली एक उडी म्हणजे हेल्पडेस्कचं एकच सामायिक खातं, जे साडेतीनशे मशीनवर ॲडमिन होतं. ते एक खातं मोडलं आणि शेकडो वाटा एकदम गेल्या. चालवण्याआधी लेखी परवानगी मात्र घ्या, अँटीव्हायरस ओरडतो.

शंकेखोर
बाण काढायला माझी हरकत नाही. आकड्यांना आहे. ‘क्लार्क फाइल उघडेल याची शक्यता ०.३’ हे कुणी मोजलं? हवेतून काढलेले पाच आकडे एकमेकांत गुणले की उत्तर हवेतलंच येतं, फक्त त्याला दोन दशांश स्थळं लागतात. संचालक मंडळाला ते शास्त्र वाटतं, आणि तिथेच धोका आहे.

आणखी एक. बरेच जण सीव्हीएसएसचा गुण (प्रत्येक त्रुटीला दहापैकी मिळतो तो) दहानं भागतात आणि ती शक्यता म्हणून बाणावर लिहितात. ७.५ म्हणजे ०.७५. हे साफ चूक आहे. तो गुण गंभीरपणा सांगतो, हल्ला होण्याची शक्यता सांगत नाही.

बॉयलरकाका
मी संगणकवाला नाही. रसायनीला रासायनिक कारखान्यात सुरक्षा विभागात तीस वर्षं काढली. पण हा धागा वाचून वाटलं, अरे, हे तर आपलंच!

आम्ही याला फॉल्ट ट्री म्हणायचो. १९६२ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये मिनिटमन क्षेपणास्त्राच्या नियंत्रण यंत्रणेसाठी हे तंत्र निघालं. वर टोकाला नको असलेली घटना लिहायची, समजा ‘रिॲक्टर फुटला’. त्याखाली कारणं. दोन्ही कारणं एकदम घडली तरच वरचं घडणार असेल तर ‘आणि’चं फाटक, कोणतंही एक पुरत असेल तर ‘किंवा’चं. दाब वाढला ‘आणि’ सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला, तरच फुटतो. म्हणून व्हॉल्व्हची चाचणी दर महिन्याला.

शंकेखोर, तुमचा आक्षेप आमच्याकडेही निघायचा. पण आमच्याकडे व्हॉल्व्ह किती वेळा अडकतो याची वर्षानुवर्षांची नोंदवही असायची. व्हॉल्व्ह तुमच्याविरुद्ध डाव रचत नाही. चोर रचतो. हा फरक मला मोठा वाटतो. तुम्ही एक वाट बंद केली की तो दुसरी शोधणार, म्हणजे दुसऱ्या बाणाचा आकडा वाढणार.

मीरा_अटलांटा
काका, शेवटचं वाक्य लाखमोलाचं आहे. या विषयावरच्या संशोधनाचा अर्धा भाग त्या एका वाक्याभोवती फिरतो.

तुमचं झाड संगणकाच्या सुरक्षेत आणून लोकप्रिय केलं ब्रूस श्नायर यांनी, १९९९ मध्ये. त्यांचं उदाहरण तिजोरीचं होतं. तिजोरी उघडायची तर कुलूप उघडा, किंवा फोडा, किंवा आकडे मिळवा. आकडे मिळवायचे तर कुठे लिहून ठेवलेले सापडतात का बघा, किंवा माणसाकडून काढून घ्या. कान लावून ऐकायचं असेल तर ‘आणि’चं फाटक लागतं: बोलणं ऐकू आलं पाहिजे आणि त्या माणसानं आकडे तोंडानं उच्चारलेही पाहिजेत.

झाडाची अडचण अशी की प्रत्येक टोकासाठी वेगळं झाड लागतं आणि ते हातानं काढावं लागतं. म्हणून अटॅक ग्राफ आले. सिंथिया फिलिप्स आणि लॉरा स्वायलर यांनी १९९८ मध्ये ती कल्पना मांडली. २००२ मध्ये शेनर, विंग आणि सहकाऱ्यांनी मॉडेल चेकर (यंत्रणेच्या सगळ्या शक्य स्थिती तपासणारा प्रोग्राम) वापरून आलेख आपोआप तयार करून दाखवले, पण मशीनची संख्या जरा वाढली की स्थितींचा नुसता स्फोट व्हायचा. त्याच वर्षी अमन, विजेसेकरा आणि कौशिक यांनी एक साधं गृहीतक वापरलं: चोरानं एकदा मिळवलेला ताबा तो पुन्हा गमावत नाही. एवढं मानलं की गणित आटोक्यात येतं. पुढे २००५ मध्ये मलव्हॅल हे साधन आलं. फायरवॉलचे नियम आणि स्कॅनरच्या नोंदी त्याला दिल्या की तर्काचे नियम लावून ते वाटा काढून देतं.

तिरफळ
एक अवांतर. ‘आलेख’ म्हटलं की मला शाळेतला आलेख कागद आणि क्ष-अक्ष आठवतो. इथे तर गोल आणि रेघा आहेत. ‘जाळं’ म्हणूया का? आमच्या गोव्यात जाळं म्हटलं की पोरालाही कळतं, एक गाठ सुटली तर मासा कुठून जातो ते.

घाटवाट
तिरफळ, ‘जाळं’ म्हटलं की लोक नेटवर्कच समजतील. गणिताच्या पुस्तकांत शिरोबिंदू आणि कडा असे शब्द आहेत, पण ऑफिसात कोण म्हणतंय! आम्ही सरळ ‘गोल’ आणि ‘बाण’ म्हणतो.

गडवाट
मला ‘वाट’ हाच शब्द आवडला. रायगडावरच्या हिरकणीची दंतकथा सगळ्यांना पाठ आहे. संध्याकाळी दरवाजे बंद झाले. पहारेकऱ्यांच्या यादीत सगळे दरवाजे बंदच होते. ती कड्यावरून उतरली, कारण घरी तान्हं बाळ होतं. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. माणगंगा, तुमच्या कॅलेंडरवाल्या मुलाला बँकेनं साडीचोळी... म्हणजे शर्ट-पीस तरी द्यायला हवा होता!

माणगंगा
गडवाट, शाल-श्रीफळ दिलं, खरंच. :)

शंकेखोर, तुमचा आक्षेप मलाही खातो. तरी धाडस करून आमचे आकडे देतो. तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहिले आणि मधला घेतला. वर्षभरात क्लार्कचा पीसी पडण्याची शक्यता ०.३. तिथून फाइल सर्व्हर ०.५. तिथून बॅच फाइलमधल्या पासवर्डनं स्विचचा सर्व्हर ०.८. दुसरी वाट व्हेंडरची: एएमसीवाल्यांचं रिमोट सॉफ्टवेअर आमच्याकडे चोवीस तास चालू असतं. त्यांच्या बाजूनं कुणी शिरण्याची शक्यता ०.१, तिथून स्विचचा सर्व्हर ०.६. याचं पुढे काय करायचं?

रेवती_क
कागद-पेन्सिल घ्या, दहा मिनिटांत होईल.

पहिली वाट: ०.३ × ०.५ × ०.८ = ०.१२. दुसरी: ०.१ × ०.६ = ०.०६. निदान एक वाट उघडली जाण्याची शक्यता काढायची तर दोन्ही बंद राहण्याची शक्यता एकातून वजा करा: १ − (०.८८ × ०.९४), म्हणजे ०.१७ च्या थोडं वर. वर्षाला सतरा टक्के.

आता एकेक उपाय करून बघा. फाइल सर्व्हर पॅच केला (त्रुटी बुजवणारा अपडेट टाकला) आणि ०.५ चे ०.१ झाले, तर एकूण ८.३ टक्के. पॅच न करता बॅच फाइलमधला पासवर्ड काढला आणि ०.८ चे ०.०५ झाले, तर ६.७. फक्त व्हेंडरचं दार बंद केलं तर १२. पासवर्ड आणि व्हेंडर दोन्ही केलं तर पाऊण टक्का.

पासवर्ड काढायला खर्च काही नाही. पॅचसाठी नवा सर्व्हर घ्यावा लागणार असेल, कारण जुन्यावर नवं विंडोज बसत नाही. बरोबर ना?

आणि बेझचं खरं सौंदर्य उलट्या दिशेनं दिसतं. समजा एका सकाळी कळलं की स्विचच्या सर्व्हरवर कुणीतरी बसलंय. आता क्लार्कच्या वाटेनं कुणी आलं असण्याची शक्यता? ०.१२ भागिले ०.१७२८, म्हणजे ६९ टक्के. मग तुम्ही व्हेंडरचा लॉग बघता आणि तिथे रात्री अडीचचं लॉगिन आणि त्याचे माग थेट स्विचच्या सर्व्हरपर्यंत सापडतात. त्याच क्षणी क्लार्कची वाट ६९ वरून परत १२ टक्क्यांवर येते, कारण घडलेल्या गोष्टीला दुसरं कारण मिळालं. क्लार्कच्या पीसीला कुणी हातही लावलेला नसतो, तरी त्याच्यावरचा संशय उतरतो. अनुभवी तपासनीस हे मनातल्या मनात करतोच. ज्यूडिया पर्ल यांनी १९८० च्या दशकात त्याला यंत्राला समजेल असं गणित दिलं आणि २०११ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं.

शंकेखोर
रेवती, मांडणी सुरेख. पण माझा प्रश्न तिथेच आहे. ०.३ ऐवजी ०.१५ असेल तर?

रेवती_क
करूनच बघितलं. ०.३ चे ०.६ केले तर पासवर्ड काढणं पहिलंच राहतं: ७.४ टक्के, पॅच केला तर १०.५. उलट ०.१५ केले तर व्हेंडरचं दार किंचित पुढे जातं: ६ टक्के, पासवर्ड ६.४, पॅच ७.१. म्हणजे पहिला नंबर बदलतो. पण तिन्हीत पॅच काही पहिला येत नाही, आणि यादीच्या हिशेबानं त्यालाच सगळ्यात आधी पैसे गेले असते.

सतरा टक्के हा आकडा मंडळाला सांगूच नका, त्यावर माझाही विश्वास नाही. कोणता बाण आधी तोडायचा हा क्रम सांगा.

शंकेखोर
हे मान्य. क्रमासाठी वापरत असाल तर माझी हरकत मागे. आकडे अगदीच हवेतले नकोत म्हणून एक भर: फर्स्ट या संस्थेचं ईपीएसएस बघा. प्रत्येक सीव्हीईला (क्रमांक देऊन जाहीर झालेल्या त्रुटीला) पुढच्या तीस दिवसांत कुठेतरी त्याचा गैरवापर होण्याची शक्यता ते रोज देतात, फुकट. ती जगभराची आहे, तुमच्या बँकेची नाही, पण सीव्हीएसएस दहानं भागण्यापेक्षा शंभरपट बरी. बॅच फाइलमधल्या पासवर्डला मात्र सीव्हीई नसतो. तिथे तुमच्या चिठ्ठ्याच.

कसबेकर
बँक आणि स्विच म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला २०१८ चा ऑगस्ट आठवतोच. ११ तारीख, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले गेले, आणि सोमवारी १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-यंत्रणेतून) हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा केला होता. पैसे द्या की नको ही विचारणा मूळ कोअर बँकिंगपर्यंत (खात्यांच्या मुख्य यंत्रणेपर्यंत) पोचतच नव्हती, बनावट स्विचच ‘द्या’ म्हणत होता.

आलेखात बघितलं तर स्विच हा असा गोल आहे की सगळ्या वाटा त्याच्यातून जातात. असा गोल पडला की पलीकडच्या कुलपांना अर्थ राहत नाही, कारण त्यांना कुणी विचारतच नाही. माझी आई तेव्हा पासबुक घेऊन शाखेत रांगेत उभी होती. ग्राहकांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत असं बँकेनं सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. माणगंगा, तुमच्या बँकेतही अशाच आया आहेत. हे काम तुम्ही करताय याचं मनापासून कौतुक वाटतं.

आंबोळी
व्हेंडरच्या बाणाबद्दल. अमेरिकेत टार्गेट दुकानांतून २०१३ मध्ये चार कोटी कार्डांची माहिती गेली, ती वाट वातानुकूलन आणि रेफ्रिजरेशनचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनपासून सुरू झाली होती. एसीवाल्याचा गोल तुमच्या कागदावर आहे का?

माणगंगा
एसीवाल्याला नेटवर्क दिलेलं नाही. पण उद्या जाऊन डोळ्यांनी बघतो.

मधल्या काळात एक तिसरी वाट सापडली. क्लार्कच्या पीसीवरून मुख्य कार्यालयातल्या अधिकाऱ्याच्या पीसीमार्गे रिमोट डेस्कटॉपनं स्विचचा सर्व्हर. क्लार्कचा पीसी पडल्यावर ही वाट चालण्याची शक्यता आम्ही ०.६ धरली. रेवतीताईंच्या पद्धतीनं, सध्या व्हेंडर बाजूला ठेवून: पहिली ०.१२, तिसरी ०.३ × ०.६ = ०.१८, दोन्ही मिळून २७.८ टक्के. बरोबर?

मीरा_अटलांटा
नाही, आणि ही चूक फार जण करतात. दोन्ही वाटा एकाच क्लार्कच्या पीसीतून निघतात, म्हणून त्या स्वतंत्र नाहीत. तुमच्या गुणाकारात तो पीसी दोनदा पडतोय. आधी पीसीच्या पुढचं जोडा. पहिली वाट ०.५ × ०.८ = ०.४, तिसरी ०.६, म्हणून १ − (०.६ × ०.४) = ०.७६. मग ०.३ नं गुणा: २२.८ टक्के. पाच टक्क्यांचा फरक फक्त सामायिक गोल विसरल्यामुळे.

वाटा पाच-सहा असतील तोवर हे हातानं जमतं. पुढे बेझियन नेटवर्कचं सॉफ्टवेअर घ्यावं लागतं, आणि तिथे एक अट असते की बाण फिरून मूळ गोलावर परत येता कामा नये. खऱ्या नेटवर्कात तर सर्व्हरवरून पीसीवर आणि पीसीवरून सर्व्हरवर दोन्हीकडे जाता येतं. ही चक्रं जपून तोडावी लागतात, नाहीतर शक्यता स्वतःच्याच जोरावर फुगते.

सातबारा
मला गणितातलं काही कळलं नाही, पण पान ९, ३१ आणि ४० हे डोक्यातून जात नाही. वाचनखूण साठवली.

माणगंगा
सात आठवड्यांनी परत येतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

आधी आंबोळींचे आभार. एसीवाल्याचा गोल शोधायला सर्व्हर रूममध्ये गेलो आणि प्रत्येक तार हातात धरून शेवटपर्यंत गेलो. एक राखाडी तार रॅकच्या मागून छतात जात होती. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या यंत्राची). बसवणाऱ्यानं मोकळं पोर्ट दिसलं तिथे लावली होती, आणि ते पोर्ट स्विचच्या सर्व्हरच्याच व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या त्याच कप्प्यात) होतं. डीव्हीआर मोबाइलवर बघता यावा म्हणून इंटरनेटवर उघडा, पासवर्ड कंपनीनं दिलेलाच. २१४ नोंदींच्या रिपोर्टात तो नव्हता, कारण स्कॅनला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत तो आम्हीच दिला नव्हता. ती तार त्याच मिनिटाला काढली. हात थरथरत होते.

मग मंडळापुढे कागद नेला. आकडा एकही सांगितला नाही. गोल, बाण आणि तीन जागी लाल फुली. आमचे एक ज्येष्ठ संचालक, स्वतः तेलघाणी चालवतात, चष्मा वर करून कागदाजवळ आले आणि स्विचच्या गोलावर बोट ठेवून म्हणाले, “इकडं येणारे सगळे बाण मला दाखव. खालचं राहू दे.” चार बाण होते. प्रत्येकाला किती खर्च ते विचारलं. पासवर्ड काढणं, व्हेंडरला आम्ही बोलावू तेव्हाच दार उघडणं आणि डीव्हीआर या तिन्हीला शून्य. रिमोट डेस्कटॉपसाठी एक वेगळं मशीन, तेवढाच खर्च. क्लार्कच्या वाटेतला फाइल सर्व्हर पुढच्या अंदाजपत्रकात. वीस मिनिटांत मंजुरी. नागरी सहकारी बँकांच्या सायबर सुरक्षेवरच्या रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे आमच्या स्तराला जे लागू आहे त्याच्या तपासणीलाही हाच कागद जोडणार आहोत.

तीच दोन मुलं मागच्या आठवड्यात परत आली. क्लार्कचा पीसी पडला. फाइल सर्व्हरही पडला. तिथून पुढे चार दिवस काही जमलं नाही.

बॉयलरकाका
शाबास! आता कागद जुना होऊ देऊ नका. आमच्याकडे एक पाइप जरी बदलला तरी झाड पुन्हा काढल्याशिवाय प्लांट सुरू होत नसे.

माणगंगा
काका, दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. तिघं बसून नव्यानं काढतो, जुना कागद न बघता. मग दोन्ही शेजारी ठेवतो.

आंबोळी
मी एका शाळेचं नेटवर्क सांभाळते. तुमच्या कागदाचा कोरा नमुना मिळेल का? नावं काढून.

माणगंगा
नमुना असा नाहीच, ताई. मधोमध एक गोल काढा आणि त्यात शाळेत जे जाऊ नये असं वाटतं ते लिहा. निकालाचे गुण असतील, फीचं खातं असेल. तिथून उलटं मागे या. अडलात तर इथेच लिहा, मी रोज रात्री बघतो.